धाकूदादांना आधी कळलं

धाकूदादा जनावरापाशी कधी समोरून जात नसत. कुशीच्या बाजूने, थोडं तिरकं, आणि जाता जाता तोंडाने हलकेच "हो हो हो" असा आवाज करत. मग पहिला हात कानाला. कानाच्या बुडाशी बोटं ठेवून क्षणभर डोळे मिटत. ताप आहे की नाही ते त्यांना तिथेच कळे. मी थर्मामीटर लावून, घड्याळ बघून, कागदावर आकडा लिहीपर्यंत ते तोंडापर्यंत पोचलेले असत. अंगठा गालाच्या आत, खालचा ओठ उलटा. "तोंड बघायचं, डाक्टर," ते म्हणत. "मालक खोटं बोलंल. तोंड नाय बोलत."

डाक्टर मी नव्हतो. आखूड कोर्स करून आलेला स्टॉकमन, म्हणजे गुरांच्या डॉक्टरांचा मदतनीस होतो. वय बावीस, गाव कल्याण, नोकरी कच्ची. पन्नासच्या दशकाचा शेवट होता तो. टोकावड्याचा गुरांचा दवाखाना म्हणजे कौलारू एक खोली, बाहेर जनावर अडकवायचा लाकडी खोडा आणि एक सायकल. माझे वरिष्ठ, ज्यांना आम्ही डॉक्टरसाहेब म्हणत असू, ते मुरबाडला बसत. धाकूदादांचं गाव टोकावड्यापासून दोन कोस आत, डोंगराच्या अंगाला. गावाचं नाव सांगत नाही. त्या गावातली माणसं अजून आहेत, त्यांची नातवंडंही आहेत.

आमची पहिली ओळख त्यांच्या आवाजाची. गावच्या रामभाऊ पाटलांची म्हैस पोट फुगून आडवी झाली होती. ओला चारा जास्त खाल्लेला. पोटातला वारा काढायची नळी मी पिशवीतून काढली खरी, पण ती मी आजवर दोनदाच वापरली होती, तीही शिकवणाऱ्यांच्या देखत. म्हशीभोवती गाव जमलेलं. मी नळी लावायची जागा बोटाने चाचपत होतो, तोच कुंपणाबाहेरून कुणीतरी म्हणालं, "डावीकडं, डाक्टर. डावीकडं."

मी उजव्या बाजूला होतो.

बाजू बदलली, नळी घातली, वारा फुस्सकन बाहेर आला आणि म्हैस अर्ध्या तासात उठून उभी राहिली. कुंपणाबाहेर पाहिलं, तर पन्नाशीचा एक उंच, वाळका माणूस, अंगात धुतलेला पांढरा सदरा, आणि स्वच्छ ऊन पडलेलं असताना बगलेत मिटलेली छत्री. मी म्हणालो, "आत ये ना." तेव्हा मी त्यांना एकेरीत बोललो. पुढे त्याचं "तुम्ही" कधी झालं ते मला सांगता येणार नाही. त्यांनी मान हलवली. "मी हितंच बरा हाय," म्हणाले आणि चालू लागले. अंगणातलं कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. म्हैस वाचली म्हणून आभार मानायला सगळे माझ्याकडे वळले होते.

कारण मला नंतर समजलं. धाकूदादा गावाबाहेरच्या वाडीतले. तिथली बारा घरं पिढ्यान्‌पिढ्या गावातली मेलेली गुरं ओढून न्यायची, सोलायची, कातडं काढायची. मी तिथे जाण्याच्या दोन वर्षं आधी वाडीतले चौघे-पाचजण नागपूरला जाऊन आले, वाडीने धर्म बदलला आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं, की यापुढे मेलेल्या जनावराला हात लावायचा नाही. गावाने त्याचा वचपा काढला. शेतावर मजुरी बंद, दुकानातलं मीठ बंद, गायरानावर जायची वाट बंद. धाकूदादा दोन हंगाम उंबरमाळीला रेल्वेच्या खडीवर दगड फोडायला गेले. परतले ते एक बैलजोडी घेऊन, मोऱ्या आणि पोवळ्या. वाडीत बैलजोडी असलेलं ते पहिलंच घर. कसायला खंडाने घेतलेला चढणीवरचा तुकडा होता, त्यात ते वरी-नाचणी करत.

त्या ठरावातला शब्द ते फार काटेकोर पाळत. "मेलेल्याला हात लावत नाय. जित्याला लावीन," असं म्हणत. आणि जित्याला खरोखर लावत. लोक मला बोलवत, पण मी वाटेत त्यांच्या दारावरून जावं आणि त्यांनी सोबत यावं, असं हळूहळू होऊन बसलं. ते कुंपणाबाहेर उभे राहत. आजारी जनावर मालकच काहीतरी निमित्त काढून कुंपणापाशी आणून बांधी. कुणी कुणाशी त्याबद्दल बोलत नसे.

त्यांच्या काही सवयींचं मला तेव्हा हसू यायचं. घरी जाण्याआधी ओहोळावर बसून हात राखेने कोपरापर्यंत धुवायचे, मग नखं, मग पुन्हा कोपरापर्यंत. कधीही मोजावं, तीन वेळा. दवाखान्याच्या पायरीवर चहा पिताना मधेच थांबत, वाऱ्याकडे तोंड फिरवत आणि नाकाने ओढून घेत. "काय?" मी विचारी. "नाय, कुत्रं मेलंय कुठंतरी," म्हणून पुन्हा कप तोंडाला लावत. त्यांची धाकटी मुलगी शांता टोकावड्याच्या शाळेत होती. तिच्याकडून ते अक्षरं शिकत होते. माझ्या कपाटातल्या बाटल्यांवरची नावं एकेक अक्षर जोडून मोठ्याने वाचत, आणि "विष" हा शब्द पहिल्यांदा लागला तेव्हा बाटली अलगद होती तिथे ठेवून म्हणाले, "ह्याला कुलूप लावा, डाक्टर. गावात जनावर मेलं की ह्याचंच नाव निघतं. आणि मग आमचं."

एकदा दवाखान्याच्या पायरीवर त्यांनी मला बुळकांडीची, गोठेच्या गोठे ओस पाडणाऱ्या गुरांच्या साथीची गोष्ट सांगितली. तोपर्यंत तो रोग मी वहीत लिहून घेतला होता, डोळ्यांनी बघितला नव्हता.

"मी बारा वर्सांचा असंन," ते म्हणाले. "घाटावरनं आली ती. आमचा बा आनि दोघं काका अठरा दिस नुसते सोलत होते. सकाळी एक ओढून आनावं तोवर दोन पडलेली. बा मला म्हनाला, पोरा, बघून ठेव. पोट फाडून दावलं. चौथं पोट असतं ना, ते आतनं सगळं चघळल्यासारखं. खड्डं पडलेलं. आनि आतड्याच्या शेवटाला तांबडं पट्टं, उभं, लुगड्याच्या काठासारखं. बा म्हनाला, तोंडात जे दिसतं तेच आत शेवटपातूर असतं. घशात, पोटात, आतड्यात. जनावर आतनं सोललं जातं, मग आपन भायेरनं सोलतो."

मी माझा कप खाली ठेवला.

"त्या साली आमच्या कुंपनावर मांस वाळत होतं. पोटभर खाल्लं आमी. खोटं कशाला सांगू? गावाची दातखीळ बसली होती आनि आमी जेवत होतो. फुडल्या पावसात गावात नांगराला बैल नाय. मानसांनी जू खांद्यावर घेतलं. तवा पाटलाचा बाप आमच्या वाडीत आला आनि म्हनाला, तुमीच घातलं काय तरी. खायाला मिळावं म्हनून." त्यांनी कप पायरीवर उपडा केला. "तिचं नाव गोठ्यात घ्यायचं नसतं, डाक्टर. हितं घेतलं तर चालंल."

पुढच्या पौषात रामभाऊ पाटलांनी जत्रेच्या बाजारातून खिल्लारी बैल आणला. पांढराशुभ्र, उंच शिंगांचा, घाटावरच्या व्यापाऱ्याकडचा. गाव बघायला लोटलं. माघ लागला आणि बैलाने वैरण टाकली, खाणंच सोडलं. मला बोलावणं आलं. अंगात ताप, तोंडातून लाळेच्या तारा. त्या हिवाळ्यात आजूबाजूला लाळ-खुरकूत चालूच होती. मी तोंड उघडून घाईत एक नजर टाकली, लाली दिसली आणि सांगून टाकलं, "खुरकूत आहे. आठ दिवसांत चालायला लागेल." लाल औषधाच्या पाण्याने तोंड धुवायला सांगितलं आणि सायकलवर बसून निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आत धाकूदादा पायरीवर होते. दोन कोस चालून आलेले.

"तुमी खुर बघितलंत?"

मी कुलपात किल्ली घातली.

"मी काल ओहोळावर लांबनं बघितला त्याला. खुरकुतीचं जनावर पाय झाडतं. ह्यो झाडत नाय. खुर साफ हायेत. पाठीवरचा केस उभा हाय. डोळ्यातनं पानी हाय. वास घेतलात तोंडाचा?"

आम्ही दोघे गेलो. ते कुंपणाबाहेर थांबले. मी बैलाचा खालचा ओठ उलटा केला. आत, हिरड्यांवर, भाताचा कोंडा चिकटावा तसे करडे ठिपके होते. बोट फिरवलं तर कोंडा निघून बोटाला आला आणि खाली लाल, ओलं मांस उघडं पडलं. मग तो वास आला. मी आजही तो सांगू शकत नाही, पण कुठेही आला तर ओळखीन.

"पाटील," मी म्हणालो, "गुरं ओहोळावर सोडू नका. घरोघर बांधून ठेवायला सांगा."

"का? काल तर तुमी खुरकूत म्हनालात."

"तपासायला हवं," मी म्हणालो.

एवढंच बोललो. माझी नोकरी कच्ची होती. चार माणसांसमोर काल चुकलो म्हणायला जीभ वळली नाही. आणि मी ती जागा मोकळी सोडल्यामुळे कुंपणाबाहेरून धाकूदादांना बोलावं लागलं.

"पाटील, ती आलीय."

पाटलांची सून सूप हातात घेऊन उभी होती, ती तशीच आत गेली. पाटलांनी धाकूदादांकडे बराच वेळ पाहिलं. तेव्हा मला वाटलं ते घाबरलेत. घाबरले होतेच, पण नजरेत आणखीही काही होतं. ते मला फार उशिरा कळलं.

मी मुरबाडला गेलो. डॉक्टरसाहेब म्हणाले, लस मागवायची तर खात्री हवी. पहिलं जनावर मेलं की पोट उघडून बघ आणि मला कळव, मी लगेच तार करतो. चौथ्या दिवशी खिल्लारी मेला. शेवटचे दोन दिवस त्याच्या मागून पाण्यासारखी धार लागली होती, मग त्यात रक्त. मान कुशीवर टाकून तो कण्हत होता. त्याच दिवशी दुसऱ्या एका घरी गाय पडली.

मी धाकूदादांच्या दारात पोचलो तेव्हा पाटील आधीच तिथे आले होते. मागे त्यांचे दोघे मुलगे. पाटील या वाडीत पायी आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. धाकूदादांची बायको यमुनाबाई दारात उभी, शांता तिच्या मागे.

"धाक्या, बैल उचलायला हवा."

"आमी सोडलंय ते, पाटील."

"सोडलंय ते म्हाइत हाय. ही येळ निराळी. सडून गाव मरंल."

"मरंल," धाकूदादा म्हणाले. "म्हनून लवकर उचला."

"आमी?"

"तुमचा बैल हाय."

थोरला मुलगा पुढे सरकला. पाटलांनी हाताने त्याला थांबवलं. धाकूदादा आत गेले, छत्री घेऊन आले, सदऱ्याची गुंडी लावली. "मी सांगतो कसं न्यायचं ते. दोर कुठं बांधायचा, खड्डा कुठं, किती खोल. ओहोळापासनं लांब. कातडं काढायचं नाय, वर चुना टाकायचा. समदं सांगतो. हात लावनार नाय."

आणि तसंच झालं. भर दुपारी धाकूदादा छत्री बगलेत धरून पुढे चालले होते, मागे पाटलांचे दोघे मुलगे तोंडाला फडकं बांधून बैल ओढत होते. दोर त्यांच्या हातांना सवयीचा नव्हता, दर वीस पावलांवर थांबत. घराघराच्या ओट्यावर माणसं उभी. कुणी हसलं नाही, कुणी मदतीलाही उतरलं नाही. त्या शांततेचं मला भय वाटलं. थोरल्या मुलाच्या चेहऱ्यावर जे होतं ते घाम आणि दुर्गंधी यांच्या पलीकडचं होतं.

खड्ड्याच्या काठावर मी सुरी काढली. मी कधी जनावर उघडलं नव्हतं. धाकूदादा पाच हात लांब उभे राहिले, वाऱ्याच्या उलट बाजूला, दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरलेले.

"बरगडीच्या मागनं घाला. हळू. खोल नको. आता पडदा येईल, पातळ, तो बोटानं फाडा. मोठं पोट सोडा, त्यात काय नाय. उजवीकडं खाली... खाली... हां. तेच चौथं. उभं चिरा."

चिरलं. आतलं अस्तर सुजून विटकरी झालं होतं आणि घड्यांवर जागोजागी खड्डे पडले होते, कडा लाल. पुढे आतडं. शेवटाला उभे तांबडे पट्टे. त्यांनी पायरीवर सांगितलं होतं, तस्सेच. मी वर पाहिलं. धाकूदादा पोटाकडे बघत नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते.

"हाय?"

"आहे."

त्यांनी पाठीमागचे हात सोडले आणि तळवे सदऱ्याला पुसले. काही लागलेलं नसताना.

तार गेली. लस कल्याणहून बर्फात यायची. बर्फ भुशात, त्यात थर्मास. एकदा पाण्यात कालवली की दोन-तीन तासांत संपवावी लागे. ती पोचायला आणखी चार दिवस गेले. तोपर्यंत गावात रोज एखादं जनावर पडत होतं आणि गावातल्या प्रत्येक घराला आपापलं ओढून न्यावं लागत होतं. लस आली, आम्ही चावडीपुढे गुरं बोलावली, पण कुणी पुढे येईना. सुई मारली की तीच अंगात घालतात, असं कुणीतरी पसरवलं होतं. तेव्हा धाकूदादा मोऱ्या-पोवळ्याचे कासरे धरून गर्दीतून आले. "पहिली माझी," म्हणाले. त्यानंतर निम्म्या गावाची गुरं टोचून झाली. उरलेल्यांना दुसऱ्या बर्फाची वाट बघायची होती.

तिसऱ्या दिवशी पोवळ्याने वैरण टाकली.

"सुईनं?" धाकूदादांनी मला विचारलं. पोवळ्याचं तोंड त्यांच्या मांडीवर होतं.

"सुईचा ताप येतो, पण असा नाही," मी म्हणालो. "आधीच अंगात असणार. ओहोळावर पाणी प्यायला होता ना?"

"म्हंजे तुमालाबी म्हाइत नाय."

"खात्रीने नाही."

ते मानेने बरं म्हणाले. पोवळ्याच्या ओठाला ते दर तासाला ओल्या फडक्याने पुसत. हिरडीवरून कोंडा पडू लागला तेव्हा त्यांनी मला तोंड दाखवायचंही थांबवलं. यमुनाबाई कण्यांची पेज करून आणी आणि ती तशीच परत जाई. सहाव्या दिवशी पोवळ्या गेला. वाडीतली पोरं दोर घेऊन आली. धाकूदादांनी त्यांच्या हातातून दोर घेतला आणि म्हणाले, "तुमी मागं व्हा. तुमी शब्द दिलाय. बैल माझा हाय." त्यांनी एकट्याने, तासन्‌तास, थांबत थांबत बैल चढणीवरच्या आपल्या तुकड्यात नेला. परत आले आणि ओहोळावर हात धुवायला बसले. त्या दिवशी त्यांनी किती वेळा धुतले ते मी मोजलं नाही.

दुसऱ्या खेपेची लस आली तेव्हा निम्म्या गावाने दारं लावून घेतली. धाकूदादा मोऱ्याला घेऊन घरोघर फिरले. "ह्यालाबी तीच सुई टोचली. उभा हाय बघा." काहींनी ऐकलं. ज्यांनी ऐकलं नाही त्यांचे गोठे महिन्याभरात मोकळे झाले. आणि मोकळ्या गोठ्यांतून एक वाक्य बाहेर पडलं. कुणी आधी उच्चारलं ते ठाऊक नाही. पण फाल्गुनात मी गावात गेलो तेव्हा ते प्रत्येक ओट्यावर होतं.

"त्याला आधी कसं कळलं?"

मग ओहोळात विष घातलेल्या कणकेचा गोळा सापडला म्हणे. मी तो पाहिला नाही, पाहिलेला एकही माणूस मला भेटला नाही. तरी गोळा सापडला होता. डॉक्टरसाहेबांना मुरबाडहून बोलावण्यात आलं आणि एका सकाळी चावडीवर बैठक भरली. धाकूदादा पायरीखाली उभे होते. पाटील माझ्याकडे वळले. आवाज शांत होता.

"साहेब, तुमी शिकलेले. तुमी खुरकूत म्हनालात. ह्यो कुंपनाच्या भायेरनं म्हनाला ती आलीय. तोंडबी बघितलं नव्हतं त्यानं. त्याला कसं कळलं?"

मला काय बोलायचं होतं ते मला नेमकं ठाऊक होतं. मी खुर बघितले नाहीत. मी चुकलो. दोन कोस चालून येऊन यांनी माझी चूक दाखवली. तीन छोटी वाक्यं. शेजारी डॉक्टरसाहेब बसले होते, ज्यांच्या सहीवर माझी नोकरी पक्की व्हायची होती.

"त्यांना रोगाची जुनी माहिती आहे," मी म्हणालो. "वडिलांच्या काळापासून."

चावडीवर कुजबुज झाली. वडिलांच्या काळापासून! तो काळ त्यांना सगळ्यांना ठाऊक होता, आणि पाटलाच्या बापाने तेव्हा काय म्हटलं होतं तेही. मी बोललो ते खरंच होतं, आणि त्यानेच माणूस बुडाला. डॉक्टरसाहेबांनी विषाचा काही पुरावा नाही, हा रोगच आहे, असं समजावून सांगितलं. लोकांनी मान डोलावली. धाकूदादांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. रागाने नाही. जनावराच्या कानाला हात लावताना बघत तसं. मग छत्री उचलून निघून गेले.

पंधरा दिवसांनी, उन्हं कलायच्या आत, त्यांच्या पेंढ्याची उडवी पेटली. वाडीतली बाकी घरं शाबूत राहिली. कुणी लावली ते कुणी विचारलं नाही. पाऊस लागायला तीन महिने होते आणि मोऱ्यापुढे टाकायला काडी उरली नव्हती. आठवड्याभरात धाकूदादा बायको, मुलगी आणि एकटा बैल घेऊन उंबरमाळीच्या खडीवर गेले. मला निरोप नव्हता. माझी नोकरी त्या वर्षी पक्की झाली.

पाच-सहा वर्षांनी माझी बदली शहापूरला झाली. तोवर लसीची मोहीम जोरात होती, आमच्याकडे माणसं होती, बर्फाची पेटी होती. बुळकांडी अजून इथे-तिथे डोकं काढत असे, पण गावं रिकामी करत नव्हती. त्या कामासाठी मी उंबरमाळीच्या बाजूच्या पाड्यांवर गेलो. रुळांच्या कडेला कामगारांच्या झोपड्या होत्या. एक म्हातारा पाण्याची टाकी लादलेल्या एकबैली गाडीपाशी उभा होता. मी आधी बैल ओळखला, मग माणूस.

"डाक्टर," ते म्हणाले. "जाडं झालात."

यमुनाबाई वारली होती. शांता नर्सिंगला ठाण्याला होती. ते सांगताना त्यांनी "नर्सिंग" हा शब्द फार नीट उच्चारला. मोऱ्याला मी लस टोचली. मग पेटी बंद करून, त्यांच्याकडे न बघता, इतकी वर्षं तयार असलेलं बोललो. मी खुर बघितले नव्हते. मी चुकलो होतो. चावडीवर ते सांगायला हवं होतं.

"मला कशाला सांगता?" ते म्हणाले. "मी होतो की तिथं. मला ठावं हाय."

मी पेटीचा पट्टा आवळला.

"माजा भाऊ तिथंच ऱ्हातो, वाडीत. अजून कुनाची शेळी मेली तरी पयलं त्याच्या दाराशी जातात. घरात घुसून मडकी बघतात. त्यांना सांगा." त्यांनी मोऱ्याच्या मानेवरून जू सारखं केलं. "जमलं तर."

मी पुढच्या रविवारी गेलो. मुरबाडहून टोकावड्याची एसटी, पुढे पायी. पाटील थकले होते, झोपाळ्यावर बसले होते. थोरला मुलगा आता घर बघत होता. मी अंगणात उभ्यानेच सगळं सांगितलं, एकेक गोष्ट, आणि चावडीवर पुन्हा सांगायची तयारी आहे म्हणालो. पाटलांनी ऐकून घेतलं. थोरला म्हणाला, "आता कशाला जुनं उकरता, साहेब? चहा घ्या." पाटील मात्र कुंपणाकडे वळले. मग म्हणाले, "चावडीवर नको. पन भावाला बोलावतो मी. त्याच्या म्होरं बोला." भाऊ आला, कुंपणाबाहेर थांबला. पाटील मुलाच्या आधाराने उठून कुंपणापाशी गेले आणि मी पुन्हा सगळं बोललो. भाऊ ऐकून वाडीकडे परत गेला. त्यापुढे त्या वाडीच्या दाराशी कुणी गेलं की नाही हे मला माहीत नाही. भाऊ दोन वर्षांनी वाडी सोडून गेला एवढं कानावर आलं.

हे सांगायला मी महिन्याभराने उंबरमाळीला गेलो तेव्हा खडीचं काम संपलं होतं. झोपड्यांच्या जागी चुलीचे काळे दगड आणि फाटकं गोणपाट. माणसं लाइनीवर कुठेतरी वर गेली, कसाऱ्याच्या पलीकडे, असं गँगमनने सांगितलं. धाकूदादा त्यानंतर मला भेटले नाहीत.

त्यामुळे माझ्याजवळचे शेवटचे धाकूदादा आहेत ते त्या दिवसाचे, लस टोचून झाल्यानंतरचे. मी पेटी सायकलला बांधत होतो. मालगाडी जाईपर्यंत त्यांनी मोऱ्याचा कासरा आखूड धरून त्याचे डोळे आपल्या पंज्याने झाकून घेतले होते. बैल शांत उभा होता. गाडीचा शेवटचा डबा गेला, धूळ खाली बसली, तरी त्यांनी हात लगेच काढला नाही. मग काढला, टाकीतून थोडं पाणी सांडलेलं होतं ते पायाने मातीत सारलं आणि पाण्याची गाडी रुळांच्या कडेकडेने पुढे नेली, जिथे बायका मडकी घेऊन ओळीने बसल्या होत्या.